तिसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी आता नऊ वर्षांची आहे : रक्तदाब, साखर आणि हृदय यांकडे कसे पाहावे?

सेलूकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मुलीचा जन्म गर्भारपणाच्या तिसाव्या आठवड्यात झाला आणि तेव्हा तिचे वजन १ किलो २०० ग्रॅम होते. सातव्या महिन्यात पत्नीचा रक्तदाब एकाएकी वाढला, चेहऱ्यावर सूज आली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. सेलूहून परभणी आणि परभणीहून रातोरात छत्रपती संभाजीनगर असा प्रवास करून तेथे सिझेरियन करावे लागले. त्यानंतर अडतीस दिवस मुलगी काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, कान तपासून घ्या, वजन दर आठवड्याला करा, असे सर्व व्यवस्थित सांगितले गेले व आम्ही ते केलेही. मात्र पुढच्या आयुष्यातील रक्तदाब किंवा साखर यांविषयी कोणी एक वाक्यही उच्चारले नाही. आम्हीही विचारले नाही, कारण मूल हातात मिळाले हेच त्या वेळी पुष्कळ होते.

आता ती चौथीत आहे, अभ्यासात चांगली आहे. सातव्या वर्षापर्यंत ती अगदी काडीसारखी होती आणि वजन २० किलोवर अडले होते. खाल्लेले अंगी लागत नाही म्हणून माझ्या आईने भाकरीवर तुपाचा गोळा, दुधात साखर आणि दिवसातून दोनदा बिस्किटे असा क्रम धरला. गेल्या दोन वर्षांत वजन ३२ किलो झाले, उंची १३१ सेंटिमीटर आहे आणि पोट पुढे आले आहे. घरात सर्वांना आनंद आहे की पोरीने बाळसे धरले. मागील महिन्यात तापासाठी दवाखान्यात नेले असता तेथे मोठ्या माणसांच्याच पट्ट्याने रक्तदाब मोजला गेला. तो ११६/७६ आला आणि ‘एकदम उत्तम’ असे सांगण्यात आले. माझी मावसबहीण परिचारिका आहे. तिला हे पटले नाही. कमी दिवसांच्या मुलांना पुढे रक्तदाब आणि मधुमेह लवकर होतो, असे तिचे म्हणणे आहे. यात तथ्य किती आहे आणि या वयात नेमके काय तपासावे?

लातूरचा बालरोगतज्ज्ञ

सेलूकर, प्रथम त्या ११६/७६ विषयी लिहितो, कारण बाकीचे काही दिवस थांबले तरी चालेल, हे थांबू नये. १२०/८० ही आपल्या सर्वांच्या ओळखीची रेघ मोठ्या माणसांची आहे. तेरा वर्षांखालील मुलाचा रक्तदाब त्याचे वय, लिंग आणि उंची पाहून तक्त्याशी ताडावा लागतो, आणि आपल्या मुलीच्या वयाला व उंचीला ११६/७६ हा आकडा वरच्या अंगाला पडतो. त्यातच पट्टा मोठा असेल तर रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि लहान असेल तर जास्त दिसतो, म्हणजे प्रत्यक्षातील आकडा याहूनही थोडा अधिक असू शकतो. उलट ताप, रडणे आणि दवाखान्याचा धाक यांनी तो तात्पुरता वाढतो हेही खरे आहे. म्हणून एका मोजणीवरून घाबरू नका आणि एका मोजणीवरून निर्धास्तही होऊ नका.

मुलगी निरोगी असताना, निरनिराळ्या तीन दिवशी रक्तदाब मोजून घ्या. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के असावी लागते. ती तीन ते पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसलेली असावी, आणि उजवा दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मुलांचा पट्टा प्रत्येक दवाखान्यात नसतो, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मावसबहिणीचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ते अर्धे आहे. दोष रक्तात किंवा नशिबात नसून अवयवांच्या घडणीच्या वेळापत्रकात आहे. मूत्रपिंडाचेच उदाहरण घ्या. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत हे काम संपते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात ते काम बाहेर आल्यावर साधारण चाळीस दिवस चालू राहते आणि मग कायमचे थांबते, आणि त्या चाळीस दिवसांत बाळ प्राणवायू, जंतुसंसर्ग व औषधे यांच्याशी झुंजत असते. गाळण्या कमी भरल्या तर प्रत्येकीवर भार अधिक पडतो आणि रक्तदाब हळूहळू चढत जातो. रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणारे एलास्टिन हे प्रथिनही गर्भारपणाच्या अखेरच्या काळातच झपाट्याने साठते. हृदयाची गोष्ट थोडी निराळी आहे. पोटात असताना ते कमी दाबाच्या रक्ताभिसरणाला सरावलेले असते. तेच कोवळे हृदय दहा आठवडे आधी बाहेरच्या दाबाला सामोरे जाते, तेव्हा त्याच्या स्नायूची घडण बदलते. ऑक्सफर्ड येथे अशा तरुणांच्या हृदयांच्या एमआरआय तपासण्या झाल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत डाव्या कप्प्याची भिंत जाड व आतील जागा लहान आढळली. उजव्या कप्प्यातही फरक होते. ही मुले आजारी नव्हती, हे येथे मुद्दाम लिहितो.

साखरेविषयी दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेली ४ ते १० वर्षांची मुले तपासली असता त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा मंद आढळला. जन्मवजन दिवसांच्या मानाने योग्य असलेल्या मुलांतही हे दिसले. हा निष्कर्ष २००४ चा आहे. पुढे २००७ मध्ये हेलसिंकी येथे दीड किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या १८ ते २७ वर्षांच्या १६३ तरुणांची तुलना पूर्ण दिवसांच्या तरुणांशी करण्यात आली. साखरेचे पाणी प्यायल्यावर त्यांचे इन्सुलिन पुष्कळ अधिक चढत होते आणि वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने जास्त होता.

मला खरी चिंता मात्र आपल्या आईसाहेबांच्या तुपाची वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, आपली पूर्ण दिवसांची बाळेसुद्धा सरासरी २.७ किलोची असतात, इंग्लंडमधील ३.५ किलोच्या बाळांपुढे हडकुळी दिसतात, आणि तरीही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून असते. कमी पडतो तो स्नायू. दिल्लीत जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून तिशीपर्यंत मागोवा घेणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तरुणपणी साखर बिघडलेली मंडळी बहुतांशी दोन वर्षांची असताना बारीक होती आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत वेगाने जाड होत गेली होती. त्यांतील बहुतेक मुले बाराव्या वर्षी लठ्ठ म्हणावी अशी नव्हतीच, फक्त स्वतःच्या आधीच्या रेषेवरून वर चढली होती. आपण लिहिलेले २० वरून ३२ किलो हे नेमके तसेच आहे. पेटीतून बाहेर आल्यावर पहिल्या वर्षातील वाढ मेंदूसाठी अत्यावश्यक असते, तेथे हात आखडता घेऊ नये, पण सातव्या वर्षानंतर चढलेल्या पोटाला बाळसे म्हणता येणार नाही.

तीन मोजण्यांत रक्तदाब वर राहिला तर लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी. रक्तदाब ठाम ठरला तर हृदयाचा टू-डी इको करावा. सरसकट प्रत्येक कमी दिवसांच्या मुलाचा दरवर्षी इको करण्याची गरज नाही. अंगदुखीच्या किंवा तापाच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून मनाने आणून देऊ नका, कारण त्यांतील काही मूत्रपिंडाला जड जातात. आणि एक विचारतो, आपल्या पत्नीचा रक्तदाब अलीकडे कधी मोजला आहे?

गोदाकाठ

डॉक्टरसाहेबांविषयी आदर बाळगूनही लिहितो की, अशा चर्चांनी धडधाकट मुलांच्या आईबापांची झोप उडते. गंगाखेडचे माझे सख्खे मामा सातव्या महिन्यात जन्मले. त्यांना कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवले होते, असे आजी सांगत असे. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि स्वतः बैल जुंपतात. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही म्हण उगाच पडली नसावी. पाश्चात्त्य देशांतील आकडे आपल्या कष्टाळू माणसांना किती लागू पडतात?

नांदेडचा संख्याशास्त्र शिक्षक

गोदाकाठ, मामांना दीर्घायुष्य लाभो, परंतु त्यांचे उदाहरण या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी दिवस मोजण्याचे साधन म्हणजे आजीची आठवण होती. जे खरोखर तीस आठवड्यांचे होते त्यांतील बहुतेक चुलीच्या उबेवर वाचले नाहीत, आणि जे वाचले ते मुळातच काटक निघाले, म्हणून आपल्याला फक्त काटक मामाच दिसतात. म्हणीचे तर उलटे आहे. आठव्या महिन्यातील बाळ सातव्यापेक्षा केव्हाही अधिक जगते.

आपल्या शंकेत मात्र एक मोलाचा मुद्दा आहे, तो म्हणजे ‘किती पट’ आणि ‘किती जण’ यांतील फरक. स्वीडनमध्ये जन्म व आजारांच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तेथे १९७३ ते १९९४ या काळात जन्मलेल्या वीस लाखांहून अधिक लोकांचा मागोवा घेता आला. ३० ते ४३ या वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांत सुमारे दीडपट आढळला. ‘दीडपट’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. त्याच अभ्यासात असा आजार झालेले लोक एकूण हजारात एकाच्या आसपास होते, आणि हजारातील एकाचे दीड झाले तरी उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव सुखरूपच असतात. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराचे प्रमाण स्वीडनमध्येच कमी दिवसांच्या लोकांत जवळजवळ दुप्पट आढळले, तेथेही मूळ आकडा लहान आहे. तथापि हे सर्व पंचेचाळिशीच्या आतील लोकांचे आकडे आहेत. फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट हे औषध साधारण १९९० पासून सर्रास वापरात आले, त्यामुळे अठ्ठावीस आठवड्यांची मुले मोठ्या संख्येने वाचू लागली ती त्यानंतरच. ती पिढी अजून पन्नाशीला पोहोचलेलीच नाही. आपल्याकडे तर ती त्याहून तरुण आहे. सेलूकरांच्या मुलीसाठी घाबरण्याचे कारण नाही, पण तिच्यासारख्यांचा पन्नाशीतील आकडा आज जगात कोणाच्याच हाती नाही, म्हणून मोजत राहणे शहाणपणाचे आहे. रक्तदाब मोजायला खर्च तरी किती येतो?

अंबाजोगाईची आई

माझा मुलगा अठ्ठाविसाव्या आठवड्यात, ९८० ग्रॅमचा जन्मला. आता तो सतरा वर्षांचा आहे आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागला आहे. पहाटे उठून सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतो, बरोबरच्या मुलांपेक्षा त्याला दम लवकर लागतो आणि त्याला स्वतःचीच चीड येते. लहानपणी आम्ही त्याला जपून जपून वाढवले, शाळेतील कबड्डीलासुद्धा चिठ्ठी देऊन बाहेर बसवले. ते चुकलेच, असे आता वाटते. तपासणीत इको सामान्य आला, रक्तदाब मात्र १२८/७८ होता. तेरा वर्षांनंतर १३०/८० ही रेघ धरतात आणि १२० च्या वर ‘वाढता’ म्हणतात, असे आम्हाला तेथे समजावून सांगण्यात आले. तेव्हापासून घरात पापड, कुरडया, फरसाण आणि लोणचे यांना आळा घातला. ठेचा अजून सुटलेला नाही, पण त्यातले मीठ निम्म्यावर आले आहे. सेलूकर, माझे एवढेच सांगणे आहे की मुलीला धावू द्या. आणि डॉक्टरसाहेब, माझ्या मुलाने धावण्याची परीक्षा द्यावी की नाही?

आशा गटप्रवर्तक, बीड जिल्हा

आमच्या भागातील वास्तव थोडे निराळे आहे, म्हणून लिहिते. दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावांतील जोडपी ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. गरोदर बाई कोयता हातात घेऊन मोळ्या वाहते, आणि कमी दिवसांचे बाळ कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कोठेतरी जन्मते. परत येते तेव्हा त्या बाळाचे जन्मवजन किती, किती आठवड्यांचे होते, पेटीत किती दिवस होते, याचा कागदच आईजवळ नसतो. ‘सातव्यात झालं’ एवढेच ती सांगू शकते. सेलूकरांसारख्यांना निदान तीस आठवडे आणि बाराशे ग्रॅम हे दोन आकडे पाठ आहेत. आमच्या मुलांच्या बाबतीत पंधरा वर्षांनी रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरला हे मूल कमी दिवसांचे होते, हे कळणारच नाही. म्हणून मी प्रत्येक आईला माता-बाल संरक्षण कार्डावर आठवडे आणि वजन लिहून घ्यायला लावते आणि ते कार्ड शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवायला सांगते, कारण ती पिशवी कोणी हरवत नाही.

दुसरी गोष्ट आईच्या दुधाची. पेटीतील बाळाला दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा नळीने द्यायला सांगितले की, ‘एवढ्याशा दुधाने काय होणार’ म्हणून सासू डब्याचे दूध आणायला धावते. तिसरी गोष्ट मिश्री. आमच्याकडे चांगल्या घरच्या सुनासुद्धा गरोदरपणी मिश्री लावतात, आणि दात घासणे म्हणजे तंबाखू खाणे नव्हे, अशी त्यांची समजूत असते. मुंबईत गरोदर महिलांचा अभ्यास झाला होता, त्यात मिश्री व तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी शंभर ग्रॅमने हलकी होती आणि अवेळी प्रसूतीही अधिक होत्या. हृदयाची काळजी नवव्या वर्षी सुरू होण्याऐवजी येथून सुरू झाली तर बरे.

लातूरचा बालरोगतज्ज्ञ

ताई, आपण शेवटी सांगितलेले मी पहिल्यांदा सांगायला हवे होते. दुधाविषयी एक भर घालतो. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना चिठ्ठ्या टाकून करावी तशी विभागणी करून कोणाला दूधपेढीतील मातेचे दूध आणि कोणाला डब्याचे विशेष दूध दिले होते. तीच मुले १३ ते १६ वर्षांची झाल्यावर मोजले, तेव्हा मातेचे दूध मिळालेल्यांचा सरासरी रक्तदाब सुमारे ४ मिलिमीटरने कमी निघाला. पेटीतील त्या चार-सहा आठवड्यांचा ठसा पौगंडावस्थेपर्यंत टिकला. एवढा फरक मोठ्या माणसात आणायचा तर रोजचे मीठ पुष्कळ कमी करावे लागते.

अंबाजोगाईच्या ताई, इको सामान्य असेल, धावताना चक्कर, छातीत दुखणे किंवा बेशुद्धी असे काही नसेल तर मुलाने अवश्य धावावे. अशा मुलांचे हृदय जोराच्या श्रमाला थोडे उशिरा साथ देते आणि काहींची फुप्फुसेही लहान राहिलेली असतात, त्यामुळे सराव हळूहळू वाढवावा लागतो. इतरांना तीन महिने लागत असतील तर त्याने सहा महिने धरावेत. दम लागताना घरघर ऐकू येत असेल तर फुप्फुसांची फुंकण्याची तपासणी करून घ्यावी. चिठ्ठी देऊन बाहेर बसवण्याचा पश्चात्ताप करू नका. आम्ही डॉक्टरही त्या काळी तेच सांगत होतो.

सेलूकर, पत्नीविषयी मी सहज विचारले नव्हते. गरोदरपणी रक्तदाब वाढून अवेळी प्रसूती झालेल्या स्त्रीला पुढे स्वतःला उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. मुलाच्या फायलीवर सर्वांचे लक्ष असते आणि आईची फाईल टाके काढले त्या दिवशी बंद होते. तिचाही रक्तदाब आणि उपाशीपोटी साखर वर्षातून एकदा पाहावी.

सेलूकर

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. परभणीला मुलांचा पट्टा असलेला दवाखाना सापडला. पंधरा दिवसांत तीन वेळा मुलीचा रक्तदाब मोजला, तो ११८/७६, ११२/७२ आणि ११०/७२ आला. लघवी सामान्य आहे, क्रिएटिनिन सामान्य आहे. तेथील डॉक्टरांनी यास ‘वाढता रक्तदाब’ म्हटले, औषध दिले नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले. वजन उतरवू नका, ३२ वरच अडवून धरा, उंची वाढेल तशी ती आपोआप आटोक्यात येईल, असे त्यांनी सांगितले, ते मला पटले. बिस्किटांच्या जागी शेंगदाणे आणि फुटाणे आले आहेत. तुपाच्या बाबतीत आईशी तह झाला असून तिने गोळ्याऐवजी चमचा मान्य केला आहे, मात्र तो चमचा कोणता हे तीच ठरवते. मुलगी संध्याकाळी चुलतभावंडांबरोबर लंगडी खेळायला जाते.

पत्नीला मोजून घ्यायला तयार करणे अधिक अवघड गेले. ‘मला काय झालंय’ हे उत्तर नऊ वर्षे तयारच होते. दोन निरनिराळ्या दिवशी तिचा रक्तदाब १४८/९६ आणि १५०/९४ निघाला. साखर ठीक आहे. गोळी सुरू झाली आहे, आणि मुलीच्या सहामाही तारखेलाच तिचीही तारीख घेतली आहे. गटप्रवर्तक ताईंचे ऐकून मुलीच्या प्लास्टिकच्या फायलीवर पहिल्या पानावर ‘३० आठवडे, १२०० ग्रॅम, ३८ दिवस’ असे लिहून ठेवले. त्याखाली आईच्या दोन्ही मोजण्या पत्नीने स्वतःच्या हाताने लिहिल्या.